पंचाचा फेटा आणि पंचाचं पाकीट

बेळगावात पेंटबॉलची, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडून समोरच्याला बाद करायच्या खेळाची, स्पर्धा भरवायचं मनात घेऊन चार-पाच पोरं अलीकडे माझ्या घरी आली होती. मैदानाचं भाडं, हवा भरून उभे करायचे आडोसे, मार्कर म्हणजे गोळ्या झाडायच्या बंदुका, रंगाच्या गोळ्या, चषक, सगळा हिशेब वहीत व्यवस्थित मांडला होता. पंचांच्या नावापुढे मात्र 'नाश्ता, जेवण, टी-शर्ट' एवढंच. मी बरीच वर्षं कबड्डीचा पंच म्हणून शिट्टी वाजवली आहे, त्यामुळे माझी नजर त्या ओळीवरच अडली. त्या ओळीत पैसा का नसतो, यामागे मोठा इतिहास आहे. त्याचं एक टोक आपल्या जत्रेतल्या कुस्तीच्या फडात आहे आणि दुसरं अमेरिकेतल्या एका जंगलात.

आपल्याकडे पंच म्हणजे मान. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले, ते याच कुस्तीवेड्या भागातून. इथल्या जत्रेच्या फडात दुपारी रेवड्यांच्या आणि नारळाच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि हलगीच्या कडकडाटात अंधार पडेपर्यंत मोठ्या जोडी लागतात. जोड ठरवणारा आणि निकाल देणारा बहुतेकदा गावातलाच जुना पैलवान. त्याला फेटा बांधायचा, हातात नारळ द्यायचा, झालं. पैसे मागणं त्याला कमीपणाचं वाटे, आणि पैसे देऊ करणं गावाला.

ही रीत टिकली, कारण कुस्तीत पाठ मातीला लागली की ती हजार डोळ्यांना दिसते. शिवाय पंचाला दुसऱ्या दिवशी त्याच गावात, त्याच पारावर बसायचं असे. खोटा निकाल दिला तर आयुष्यभराची इज्जत जायची, तीच त्याची कमाई. बरोबरीत सोडवलेल्या कुस्तीवरून मात्र तेव्हाही भांडणं होत, म्हणजे जिथे निकाल डोळ्यांना दिसत नाही तिथे नुसता मान पुरत नाही, हे आपल्या फडानेही अनुभवलं होतं.

कबड्डीत हे आणखी लवकर जाणवलं. १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला, नियम एकसारखे होत गेले, आणि एका सामन्याला एक सरपंच म्हणजे मुख्य पंच, दोन पंच, शिवाय गुणलेखक अशी माणसं लागू लागली. गावातला एक वडीलधारा आता पुरेना. त्यात १९५६ साली बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, बंगळूर पाचशेवर. सीमाभागात बाहेरून जाणता पंच आणायचा तर प्रवासखर्चाचा प्रश्न तेव्हापासून आहे. आणि मराठी संघ विरुद्ध कन्नड संघ असा सामना पडला की पंचाला दोन्ही भाषा याव्या लागतात आणि दोन्हीकडचा संशयही सोसावा लागतो. ते काम नारळावर करून घेणं मला कधीच पटलं नाही.

आता पेंटबॉल. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशर राज्यातल्या हेनिकर इथे बारा जण जंगलात उतरले. हातात नेल्सन कंपनीचं 'नेलस्पॉट ००७', झाडांवर आणि गुरांवर खूण करायला बनवलेलं हत्यार. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा जंगलाचं काम करणारा माणूस, एकही गोळी न झाडता सगळे झेंडे गोळा करून. तो मित्रांमित्रांतला डाव होता, सगळं विश्वासावर. पण अवघ्या दोन वर्षांत, १९८३ साली, राष्ट्रीय स्पर्धेला चौदा हजार डॉलरचं रोख बक्षीस लागलं. खेळ पैशाचा झाला, पंच मात्र हौशीच राहिला.

या खेळात गोची अशी की पाठीवर फुटलेली गोळी खेळाडूला स्वतःलाही दिसत नाही. गोळीतला रंग पाण्यात विरघळणारा, बाहीने पुसला तर पुसला जातो. त्यामुळे पंचाला आडोशाआडोशाने धावत, मुखवटा घालून, स्वतः गोळ्या खात, अगदी जवळून रंग तपासावा लागतो. रंग पुसणारा सापडला तर त्याच्याबरोबर त्याचे साथीदारही बाहेर काढायचे, असे कडक नियम आले. नव्वदच्या दशकात इलेक्ट्रॉनिक मार्कर आले, सेकंदाला दहाहून अधिक गोळ्या सुटू लागल्या, आणि पंचाचं काम कितीतरी पटींनी वाढलं. मोबदला काय? फुकट खेळायला मिळणं, गोळ्यांची पेटी, प्रवेश फीत सूट. बऱ्याच ठिकाणी तर जो संघ त्या दिवशी खेळत नसेल त्याचेच खेळाडू पंच. आज ज्याला बाद ठरवायचं, तो पुढच्या स्पर्धेत आपल्याला बाद ठरवणार. एवढं ओझं डोक्यावर असताना निर्भयपणे हात कोण वर करील?

फुटबॉलही याच वाटेने गेला होता. इंग्लंडात आधी प्रत्येक संघ आपापला पंच आणायचा, १८९१ साली तटस्थ रेफरी मैदानात आला, आणि पूर्णवेळ पगारी रेफरी यायला २००१ साल उजाडलं. क्रिकेटमध्ये आयसीसीचा एलिट पंचांचा गट २००२चा. पेंटबॉलकडे तेवढा पैसा नाही, पण धडा तयार आहे.

पोरांना मी जे सांगितलं ते असं. मानधन आधी ठरवा, ते आयोजकाने द्यावं, संघाने नव्हे, आणि त्याच संध्याकाळी हातात द्या. गोवा-पुण्याहून पंच येणार असेल तर गाडीभाडं वेगळं. उन्हात सलग उभं करू नका, पाळ्या लावा. सरावाच्या दिवसाचेही पैसे द्या, कारण नजर तिथेच तयार होते. संघाची तक्रार आली म्हणून पैसे कापायचे नाहीत. कापले की पुढच्या सामन्यात तो पंच रंग दिसला तरी थबकतो. ज्याचं काम चांगलं त्याला अंतिम सामना द्या, आणि बक्षीस समारंभात संघांच्या आधी फेटा बांधा. फेटा जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. पण फेट्यासोबत पाकीट हवंच.

एकाने विचारलं, "काका, मग चषक लहान घ्यावा लागेल."

"घ्या लहान," म्हटलं.

त्याने वहीतली चषकाची रक्कम खोडली आणि पंचांच्या ओळीत पेन्सिलीने नवा आकडा लिहिला.