आकार सोडा, शेपूट पाहा

‘केवढं मोठं होतं!’ वाघ-बिबट्याच्या कुळातलं जनावर पाहिलेला माणूस पहिल्यांदा हेच सांगतो. नोंदीतला सर्वांत कमी भरवशाचा तपशीलही हाच. मोकळ्या माळावर, तिन्हीसांजेला, शेजारी मापाला झाड नाही की कुंपण नाही, अशा वेळी जनावर पन्नास पावलांवर आहे की दीडशे, हे डोळ्यांना कळत नाही. अंतर चुकलं की आकार चुकलाच.

इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या बॉडमिन मूरवर काळं श्वापद फिरतं, अशी मोठी हाकाटी होती. १९९५ साली सरकारी तपासनिसांनी फोटोंतल्या जागी जाऊन मोजणीचा खांब उभा करून पाहिला, तर काही ‘श्वापदं’ मांजराच्या उंचीची भरली. पुढे तिथल्या नदीत बिबट्याची खरीखुरी कवटी सापडली! पण आत उष्ण प्रदेशातल्या झुरळाचा अंड्यांचा कोश होता, म्हणजे ती बाहेरदेशातून आलेली. कवटी बिबट्याच्या कातड्याच्या गालिच्यातली निघाली.

म्हणून आधी शेपूट पाहावी. प्यूमाची (अमेरिकेतलं एकरंगी मोठं मार्जार) लांब आणि जाड, लिंक्सची (कानांवर केसांचे झुपके असलेलं रानमांजर) आखूड. मग अंगावरची नक्षी: चित्त्याचे ठिपके भरीव, बिबट्याची वर्तुळं आतून मोकळी, जॅग्वारच्या (बिबट्यासारखं दिसणारं अमेरिकेतलं मार्जार) वर्तुळांत बहुधा बारीक ठिपके. काळं जनावर असेल तर बिबट्या किंवा जॅग्वार. काळा प्यूमा आजवर सिद्ध झालेला नाही.

जनावर निघून गेलं तरी ठसा राहतो. चिखलाशी वाकून पाहा. कुत्र्याच्या ठशात बहुधा नखं उमटतात आणि बोटांची मांडणी दोन्ही बाजूंनी सारखी असते. मार्जार नखं आत ओढून चालतो (चित्ता याला अपवाद), त्याचं एक बोट किंचित पुढे असतं आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. ओल्या चिखलात ठसा पसरतो, म्हणून शेजारी पट्टी ठेवून अगदी वरून फोटो घ्या. केस किंवा विष्ठा दिसली तर हात लावू नका. त्यातून डीएनए मिळू शकतो.

समोरासमोर गाठ पडली तर मात्र फोटोचा नाद नको. पळू नका, खाली बसू नका. तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरा. वन्यजीव विभागाला त्याच दिवशी कळवा: वेळ, जागा, दिशा, किती सेकंद दिसलं, आणि कापछाट न केलेला मूळ फोटो. नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकणं मला घातक वाटतं, कारण तिथे गर्दी पोचते आणि शिकारीही.

अशा नोंदींचं मोल एका प्यूमाने दाखवून दिलं. २०१० च्या डिसेंबरात तो न्यूयॉर्क राज्यात लेक जॉर्जजवळ एका घराच्या अंगणात दिसला. खबर लगेच गेली, बर्फातल्या ठशांच्या मागावर केस मिळाले. पुढच्या जूनमध्ये कनेक्टिकटच्या महामार्गावर गाडीच्या धडकेत एक तरुण नर मेला. डीएनए त्या केसांशी जुळला, वाटेतल्या मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमधल्या नमुन्यांशीही. त्याचं मूळ साउथ डकोटाच्या ब्लॅक हिल्समध्ये निघालं, दोन हजारांहून अधिक किलोमीटर मागे.