विंडोज बदललं आणि प्रोग्राम म्हणतो, फाइल सापडत नाही

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार (सपोर्ट) संपला. तेव्हापासून सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, चाटी गल्लीतलं कापड दुकान असो की लग्नपत्रिका करणारा डीटीपीवाला, जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करून त्यावर विंडोज ११ टाकणं किंवा नवीनच मशीन घेणं सुरू आहे. मशीन चालू होतं, नेट लागतं, प्रिंटरही बोलतो. मग हिशेबाच्या किंवा डिझाइनच्या नेहमीच्या प्रोग्रामवर क्लिक केलं की पाटी येते: अमुक डीएलएल फाइल सापडत नाही, प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल करा.

या पाटीला घाबरून लोक पुन्हा फॉरमॅट मारतात, पैसे घालवतात, कधी डेटाही घालवतात. खरं तर ही पाटी फार उपयोगी आहे. काय कमी आहे, ते ती नावासकट सांगते. फक्त ते नाव वाचता आलं पाहिजे.

आधी डीएलएल म्हणजे काय ते पाहू. सोलापुरातले अनेक लहान मागवाले सूत स्वतः रंगवत नाहीत. एक डाइंगवाला दहा जणांचं सूत रंगवून देतो, त्यामुळे प्रत्येकाला आपल्या आवारात हौद बांधावे लागत नाहीत. प्रोग्रामही असेच वागतात. पडद्यावर चौकट काढणं, तारखा मोजणं, फाइल उघडणं ही कामं प्रत्येकाला लागतात, म्हणून त्यांचा कोड एका सामायिक फाइलमध्ये ठेवतात आणि प्रोग्राम सुरू होताना तिला हाक मारतो. विंडोजमध्ये तिला डीएलएल म्हणतात, लिनक्स या फुकट मिळणाऱ्या दुसऱ्या प्रणालीत तिच्या नावात ‘.एसओ’ असतं. कल्पना जुनी आहे, १९६० च्या दशकातल्या मल्टिक्स या प्रणालीतही ती होती. त्या काळी मेमरी महाग होती आणि एकच कोड दहांनी वाटून घेणं शहाणपणाचं होतं.

वाटून घेण्यातून भांडणंही झाली. १९९० च्या दशकात कुठलाही नवा प्रोग्राम इन्स्टॉल होताना सामायिक डीएलएलवर स्वतःची प्रत चढवायचा आणि आधीचे प्रोग्राम बंद पडायचे. जणू एका गिऱ्हाइकासाठी डाइंगवाल्याने लाल रंगाची छटा बदलली आणि बाकी नऊ जणांच्या चादरी बिघडल्या. यावर उपाय म्हणून विंडोज २००० पासून सिस्टिमच्या स्वतःच्या फाइलींवर पहारा बसला. विंडोज एक्सपीपासून एकाच डीएलएलच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवण्याची सोय झाली. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमध्ये ‘विनएसएक्सएस’ नावाचं जे अवाढव्य फोल्डर दिसतं, ते या सोयीचंच घर. जागा खातं म्हणून ते हाताने पुसायला जाऊ नका.

मग विंडोज बदलल्यावर फाइल नाहीशी का होते? बहुतेक वेळा ती फाइल विंडोजची नसतेच. वर्षांपूर्वी कुठल्या तरी दुसऱ्या प्रोग्रामबरोबर ती आली, आणि तुमचा प्रोग्राम आजवर तिच्यावर निवांत चालत होता. फॉरमॅट केल्यावर ती गेली आणि तेव्हा कळलं की ती होती.

सगळ्यात जास्त दिसणारी नावं म्हणजे एमएसव्हीसीपी१४० आणि व्हीसीरनटाइम१४०. या मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ रनटाइमच्या फाइली; रनटाइम म्हणजे प्रोग्राम चालताना त्याला लागणारा तयार कोड. एकेक फाइल शोधत बसू नका. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवर ‘व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’ हे पॅकेज फुकट मिळतं, ते टाकलं की दोन्ही येतात. त्याच्या एक्स८६ (३२ बिट) आणि एक्स६४ (६४ बिट) अशा दोन आवृत्त्या असतात; प्रोसेसर एका वेळी केवढा डेटा हाताळतो, त्याचं हे माप. ६४ बिट मशीनवर दोन्ही टाकाव्यात, कारण जुने बरेच प्रोग्राम अजून ३२ बिटच आहेत.

पाटीत ‘एमएसकॉमसीटीएल.ओसीएक्स’ असं नाव असेल, तर प्रोग्राम बहुधा १९९८ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) या भाषेत लिहिलेला आहे. गावोगावच्या प्रोग्रामरांनी दुकानांसाठी बिलिंगचे कितीतरी प्रोग्राम त्यात लिहून दिले. व्हीबी ६ ची मूळ रनटाइम फाइल विंडोज ११ मध्येही असते, पण हे जादा तुकडे प्रोग्रामच्या सेटअपबरोबर यायचे. म्हणून फक्त प्रोग्रामचं फोल्डर पेनड्राइव्हवर उचलून नव्या मशीनवर ठेवलं, तर तो चालत नाही. सेटअप पुन्हा चालवावा लागतो, कारण तो फाइल ठेवतो आणि तिची नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे नोंदवहीतही करतो. ज्याने प्रोग्राम लिहून दिला, त्याच्याकडे किंवा कपाटातल्या सीडीत मूळ सेटअप मिळतो का ते आधी पाहा. डॉट नेट ३.५ हा मायक्रोसॉफ्टचाच सामायिक कोडचा संच मागणाऱ्या प्रोग्रामांचं काम त्याहून सोपं आहे: कंट्रोल पॅनेलमध्ये ‘विंडोज फीचर्स’ उघडून त्याच्यापुढे खूण करायची.

आता एक गंमतशीर गोष्ट, जिच्यात चांगले दुरुस्तीवालेही अडकतात. ६४ बिट विंडोजमध्ये ‘सिस्टिम३२’ या फोल्डरात ६४ बिट फाइली असतात आणि ३२ बिट फाइली असतात ‘सिसडब्ल्यूओडब्ल्यू६४’ या फोल्डरात. नावं चक्क उलटी! जुने प्रोग्राम ‘सिस्टिम३२’ हे नाव कोडमध्ये लिहून बसले होते, ते मोडू नयेत म्हणून ते नाव नव्या ६४ बिट घराकडेच ठेवलं गेलं. ३२ बिट प्रोग्रामने ते नाव घेतलं, की विंडोज गुपचूप त्याला दुसऱ्या फोल्डरात नेते. म्हणून कुणाच्या मशीनवरून डीएलएल आणून चुकीच्या फोल्डरात टाकली, की ‘फाइल नाही’ ही पाटी जाते आणि शेवटी ‘७बी’ असलेला लांबलचक क्रमांक येतो. अर्थ असा, की फाइल सापडली पण जात जुळली नाही, ३२ आणि ६४ एकमेकांत मिसळले.

फाइलचं नाव शोधल्यावर नेटवर सुट्या डीएलएल फुकट देणाऱ्या साइटी सगळ्यात वर येतात. तिथून काहीही घेऊ नका, हे मला कळकळीने सांगायचं आहे. डीएलएलमध्ये चालणारा कोड असतो. जो प्रोग्राम तिला बोलावतो, त्याचे सगळे अधिकार तिला मिळतात. बँकेचा पासवर्ड जिथे टाइप होतो, त्या मशीनवर अनोळखी कोड स्वतःच्या हाताने आणून बसवण्यासारखं दुसरं संकट नाही.

फाइल खरंच विंडोजची असेल, तर तिचा इलाज विंडोजमध्येच आहे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी ‘डीआयएसएम’ हा आदेश ‘ऑनलाइन’, ‘क्लीनअप-इमेज’ आणि ‘रिस्टोअरहेल्थ’ या जोडांसह द्यायचा, मग ‘एसएफसी स्कॅननाऊ’. पहिला विनएसएक्सएसमधला साठा दुरुस्त करतो, दुसरा त्या साठ्याशी ताडून बिघडलेल्या फाइली बदलतो. साठाच खराब असेल तर ताडणार कशाशी, म्हणून हा क्रम. पण बाहेरच्या प्रोग्रामची डीएलएल या दोन्हींनी परत येत नाही.

काही गोष्टी मात्र फाइल आणून सुटत नाहीत. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते आणि ६४ बिट विंडोज १६ बिट प्रोग्राम चालवत नाही. डॉसच्या काळातला, फॉक्सप्रोमधला हिशेब अजून वापरत असाल तर आभासी यंत्रात (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये) जुनी प्रणाली ठेवून, ते यंत्र नेटपासून तोडून तो चालवावा. यूएसबी लॉकवर, म्हणजे लायसन्ससाठी मशीनला लावाव्या लागणाऱ्या छोट्या किल्लीवर चालणाऱ्या जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरचंही फाइल आणून भागत नाही. लॉकचा ६४ बिट ड्रायव्हर (विंडोजला तो लॉक ओळखायला लावणारा प्रोग्राम) नसेल तर डीएलएल कितीही बदला, लॉक ओळखला जाणार नाही.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक हरवलेली फाइल भेटते, ती फाँटची. तिची पाटीसुद्धा येत नाही. ‘मंगल’ हा फाँट विंडोज १० पासून पर्यायी झाला. नव्याने इन्स्टॉल करताना देवनागरीची भाषा निवडली नसेल, तर तो नसतो. वर्डमध्ये दुसरा फाँट लागतो, अक्षरं वाचता येतात, पण ओळी सरकतात आणि एका पानाचा अर्ज दीड पानांचा होतो. सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये देवनागरीचे पूरक फाँट मिळतात, ते घ्यायचे. डीटीपीच्या जुन्या, युनिकोडपूर्व (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत येण्याआधीच्या) फाँटांची गत याहून वाईट. त्यांत ‘क’च्या चित्रामागे एखादं रोमन अक्षर लपवलेलं असतं, त्यामुळे फाँट गेला की सगळी पत्रिका अगम्य रोमन अक्षरांत दिसते. मजकूर शाबूत असतो, तोच फाँट परत टाकला की वाचता येतो.

ज्यांचं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, ते काही जण लिनक्सकडे वळतात. तिथे पॅकेज मॅनेजर, म्हणजे प्रोग्राम बसवणारं साधन, बहुतेक सामायिक फाइली आपणहून आणतो. कुठली अडली आहे ते ‘एलडीडी’ हा आदेश सांगतो. एक पाटी मात्र फार फसवते: प्रोग्राम डोळ्यांसमोर असतो आणि लिनक्स म्हणतं, ‘अशी फाइल नाही’. प्रोग्राम ३२ बिट असतो, आणि त्याला मेमरीत चढवणारा ३२ बिट लोडर मशीनवर नसतो. तक्रार त्या लोडरची असते, नाव मात्र तुमच्या प्रोग्रामचं दिसतं. ३२ बिट लायब्ररी टाकल्या की तोच प्रोग्राम उठतो.

अजून फॉरमॅट केलं नसेल तर थांबा. इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामांची यादी, त्यांचे सेटअप, लायसन्सचे क्रमांक आणि फाँटचं फोल्डर वेगळ्या ड्राइव्हवर घ्या. ड्राइव्ह न पुसता नवी विंडोज टाकली असेल, तर जुनी सगळी ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरात पडून असते. हवी ती सेटिंग किंवा फाँट तिथून काढता येतो, पण साधारण १० दिवसांनी विंडोज ते फोल्डर स्वतःहून पुसून टाकते.