डाय बिल्ड-अप (बहुथर फिल्म आणि तंतूंच्या एक्स्ट्रूजनमधला)

डाय बिल्ड-अप म्हणजे एक्स्ट्रूडरमधून (प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्रातून) आलेलं मेल्ट, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक, डायच्या (त्याला आकार देणाऱ्या तोंडाच्या) ज्या कडेवरून बाहेर पडतं त्या कडेवर, म्हणजे लिपवर, हळूहळू साचत जाणारा पदार्थ. डाय ड्रूल असंही म्हणतात. पीव्हीसीतलं प्लेट-आउट याच्यातच धरायची सवय आहे पण ते वेगळं प्रकरण, तिथे मुख्यतः लुब्रिकंट, स्टॅबिलायझर आणि पिगमेंट मेल्टमधून सुटून धातूवर बसतात. डाय बिल्ड-अपमध्ये आधी लिपवर मऊ पिवळट मणी दिसतात, ते हवेत तापत राहून तपकिरी होतात आणि शेवटी काळे कडक. मग फिल्म त्याला घासत पुढे जाते नि तिच्यावर एकाच जागी लांबच लांब रेघ उठते, किंवा मणी सुटून फिल्मबरोबर थेट रोलमध्ये जातो.

हे का होतं यावर एकमत नाही. 1997 मध्ये गँडर आणि जाकोमिन यांनी तोवरच्या कामाचा आढावा घेतला तेव्हाही कारणांची यादी लांबच होती: डाय स्वेल (बाहेर पडताच मेल्टचं फुगणं), कमी रेणुभाराचा भाग, फिलर (मिसळलेली भरीची पूड), ओलावा आणि वायू, डायचा खडबडीतपणा, मेल्टचं तापमान विघटनाच्या जवळ असणं वगैरे. एक मत असं की मेल्टमधला कमी रेणुभाराचा भाग प्रवाहातच भिंतीकडे सरकतो आणि लिपशी वेगळा पडतो, साचलेल्या पदार्थाचा रेणुभार तपासला तर बऱ्याचदा कमी भरतो हा त्याचा आधार. पण तो पदार्थ लिपवर तासन्‌तास ऑक्सिजनमध्ये तापलेला असतो, म्हणजे रेणू आधीच लहान होते की तिथे बसून तुटले हे नुसत्या त्या मोजमापावरून सांगता येत नाही, आणि हा आक्षेप वजनदार आहे. दुसरं मत बाहेर पडण्याच्या क्षणाकडे बोट दाखवतं: भिंतीला चिकटलेल्या मेल्टचा वेग शून्य, लिप सोडताच त्याला बाकीच्या प्रवाहाचा वेग गाठावा लागतो, त्यात पृष्ठभाग जबर ताणला जातो आणि कडेशी थोडा भाग मागे राहतो. काही अभ्यासक तिथे ऋण दाब तयार होऊन हलका भाग बाहेर ओढला जातो असं मांडतात. दोन्ही गोष्टी एकत्र घडत असाव्यात असं मानणं जास्त सोयीचं, कारण उपायही दोन्ही बाजूंनी लागू पडतात.

बहुथर एक्स्ट्रूजनमध्ये प्रश्नाचं रूप बदलतं, कारण लिपला फक्त बाहेरचा थर शिवतो. रिसायकल, भरपूर फिलर किंवा वायू सोडणारं रेझिन आतल्या थरात ढकललं आणि बाहेर स्वच्छ, कमी व्हिस्कॉसिटीचं (पातळ वाहणारं) स्किन, म्हणजे बाहेरचा थर, ठेवलं तर भिंतीवरचा शिअर स्ट्रेस (मेल्ट घासत जाताना पडणारा ताण) उतरतो आणि बिल्ड-अप बराच कमी होतो. मात्र व्हिस्कॉसिटीत फरक फार पडला तर पातळ मेल्ट घट्ट मेल्टला कडेने गुंडाळू लागतं, आणि पातळ थर आतला असेल तर तोच वाट काढत भिंतीपर्यंत पोचतो, म्हणजे जे लपवायचं तेच लिपवर. म्हणून स्किन निवडताना दोन्ही थरांची व्हिस्कॉसिटी चालू तापमान आणि शिअर रेटला (प्रवाहातले थर एकमेकांवरून सरकण्याच्या दराला) बघावी, डेटाशीटवरच्या मेल्ट फ्लोवर (वाहतेपणाच्या ठरावीक चाचणीच्या आकड्यावर) जाऊ नये.

पॉलिओलेफिनमध्ये (पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन वगैरे) फ्लुओरोपॉलिमर प्रोसेसिंग एडचा, म्हणजे मेल्ट सहज वाहावं म्हणून घालायच्या फ्लुओरीनयुक्त पॉलिमरचा, उपयोग जुना आहे, ड्यूपाँटच्या ब्लॅट्झचं पेटंट 1964 चं. हे एड डायच्या धातूवर पातळ लेप धरतं, मेल्ट त्यावरून घसरतं. मात्रा साधारण दशलक्षात 200 ते 1000 भाग, आणि बहुथरात ते फक्त बाहेरच्या थरात घातलं तरी पुरतं. जास्त घातलं तर एडच लिपवर साचतं, अँटिब्लॉक सिलिका (फिल्मचे थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून घातलेली) किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असेल तर लेप खरवडला जातो किंवा एड त्यांच्या कणांवरच अडकतं. पीएफएएसच्या (निसर्गात सहज न विघटणाऱ्या फ्लुओरीनयुक्त रसायनांच्या) चिंतेमुळे हे एड मागे पडायला लागलं, थ्रीएमने डिसेंबर 2022 मध्ये 2025 अखेर पीएफएएस उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, आणि आता फ्लुओरीन नसलेले पर्याय वापरात येतायत.

लिपची कड तीक्ष्ण आणि गुळगुळीत हवी, साफ करायला पितळी पट्टीच वापरावी, पोलादी हत्याराने ओरखडा गेला की पुढच्या वेळी बिल्ड-अप नेमका त्याच ओरखड्यापासून सुरू होतो.

तंतूंबद्दल लिखाण तुलनेने कमी. स्पिनरेटचं (मेल्टचे तंतू काढणाऱ्या सच्छिद्र चकतीचं) छिद्र मिलिमीटरच्या काही दशांशांचं, त्याच्या एका बाजूला जरा काही साचलं की तंतू सरळ न येता वाकतो, शेजारच्याला चिकटतो नि तुटतो. नायलॉन 6 मध्ये धुऊन काढलेलं कॅप्रोलॅक्टम (त्याचा मोनोमर, म्हणजे मूळ घटक) पुन्हा वितळवताना थोडं परत तयार होतं आणि वाफ होऊन स्पिनरेटच्या तोंडावर बसतं, म्हणून तिथे मोनोमर सक्शन (ती वाफ ओढून घेणारी सोय) लावतात. पॉलिएस्टरमध्ये ऑलिगोमर (अगदी छोट्या साखळीचे रेणू) आणि अँटिमनी कॅटॅलिस्टचे अवशेष जमतात. दोन्हीकडे ठरावीक वेळाने तोंड खरवडून सिलिकॉन फवारतात. शीथ-कोअर तंतूत (आत गाभा नि बाहेर वेगळं आवरण असलेल्या) शीथला, म्हणजे आवरणाला, तेच काम करावं लागतं जे फिल्ममध्ये स्किन करतं.