मागील डिफरन्शिअल : जुन्या स्पोर्ट्स कारमधील इंजिनानुसार होणारे फरक

मोटारीच्या मागच्या आसावर बसवलेली, प्रोपेलर शाफ्टने (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या लांब दांड्याने) आणलेली फिरती शक्ती काटकोनात वळवून दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणारी दातेरी चाकांची पेटी म्हणजे मागील डिफरन्शिअल. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणे हे तिचे नावाला साजेसे काम. पण त्याच पेटीत क्राऊन (मोठे दातेरी चाक) आणि पिनियन (त्याला फिरवणारे लहान दातेरी चाक) ही जोडीही असते आणि इंजिनाच्या किती फेऱ्यांत चाकाची एक फेरी व्हावी, हे शेवटी तीच ठरवते. १९६० आणि १९७० च्या दशकांतील अनेक स्पोर्ट्स कार एकाच सांगाड्यावर दोन-तीन इंजिनांसह विकल्या गेल्या. इंजिन बदलले की कारखाने क्राऊन-पिनियनचे गुणोत्तर, आणि गरज पडल्यास संपूर्ण पेटीच, बदलत असत. गुणोत्तर आणि ताकद हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीत त्यांची गल्लत वारंवार होते आणि ती महागात पडते.

गुणोत्तराचा फरक एमजीबी या ब्रिटिश गाडीत फार स्वच्छ दिसतो. तिच्या १,७९८ घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडर इंजिनासोबत क्राऊनला ४३ आणि पिनियनला ११ दाते, म्हणजे ३.९०९ गुणोत्तर होते. १९७३ ते १९७६ या काळात निघालेल्या एमजीबी जीटी व्ही-८ मध्ये रोव्हरचे ३,५२८ घनसेंटिमीटरचे आठ सिलिंडर इंजिन आले, तेव्हा ४३ दात्यांच्या क्राऊनसोबत १४ दात्यांचे पिनियन, म्हणजे ३.०७ गुणोत्तर वापरले गेले. चाकाचा परीघ दोन्हीकडे सुमारे १.८८ मीटर धरला, तर गती जशीच्या तशी पुढे देणाऱ्या चौथ्या गिअरमध्ये ताशी ८० किलोमीटरला पहिल्या गाडीचे इंजिन मिनिटाला सुमारे २,७७० फेरे घेते आणि दुसरीचे सुमारे २,१८०. पुणे-बेंगळुरू महामार्गावर सातारा ते कराड सरळ जाणाऱ्याला हा फरक कानांनीच कळेल.

वाई ते पाचगणी या पसरणी घाटात मात्र हिशेब वेगळा होतो. पायथा ते माथा सुमारे ६०० मीटरची चढण, त्यात वळणे. तिथे ओढ लागते. ३.०७ चे गुणोत्तर वेगाचे आहे, ओढीचे नव्हे, मग मोठ्या इंजिनाची गाडी तिथे मागे का पडत नाही? उत्तर इंजिनाच्या टॉर्कमध्ये, म्हणजे फिरवण्याच्या जोरात, आहे. लहान इंजिनाचा कमाल टॉर्क सुमारे १५० न्यूटन-मीटर, त्याला ३.९०९ ने गुणले की ५८६. मोठ्याचा सुमारे २६०, त्याला ३.०७ ने गुणले की ७९८. म्हणजे कमी गुणोत्तर घेऊनही मोठे इंजिन चाकापाशी जास्त जोर पोहोचवते आणि वर शांतही चालते. हेच ३.०७ लहान इंजिनाला लावले तर चाकापाशी ४६० च उरतात, आणि घाटातल्या प्रत्येक वळणावर चालकाला खालच्या गिअरमध्ये यावे लागते. ‘आकडा कमी तेवढी गाडी जोरात’ हा समज त्यामुळे अर्धाच खरा आहे.

दुसरा प्रश्न ताकदीचा. डिफरन्शिअलवर सर्वांत मोठा ताण वेगात नव्हे, तर पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना येतो, कारण तेव्हा गिअरबॉक्सने वाढवलेला टॉर्क पिनियनच्या मोजक्या दातांवर पडतो. म्हणून पेटीचा आकार अश्वशक्तीपेक्षा टॉर्क पाहून ठरवला जातो. फोर्ड मस्टँगच्या सुरुवातीच्या वर्षांत सहा सिलिंडर इंजिनामागे ७.२५ इंची क्राऊनचा आस, सामान्य व्ही-८ मागे ८ इंची आणि २७१ अश्वशक्तीच्या खास २८९ घनइंची इंजिनामागे ९ इंची आस होता. सहा सिलिंडरच्या गाडीची चाके चार नटांवर आणि व्ही-८ ची पाच नटांवर बसत. चाकाकडे बघूनच मूळ इंजिनाचा अंदाज करता येतो. डॅटसनच्या झेड मालिकेत आर-१८० आणि आर-२०० या पेट्यांची नावेच क्राऊनचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात. सनबीम अल्पाइनच्या चार सिलिंडर गाडीत ३.८९ गुणोत्तर होते. तिच्यातच फोर्डचे व्ही-८ बसवून १९६४ मध्ये टायगर आली, तेव्हा मागचा आस सॅलिसबरी कंपनीचा, जाडजूड आणि गुणोत्तर २.८८ झाले. माझ्या मते इंजिन आणि डिफरन्शिअल यांचे नाते शिकण्यासाठी याहून चांगली जोडी नाही.

ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीच्या घराण्याची भारताला ओळख झाली ती हेरल्डमुळे. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून ती इथे बनवली. तिचे डिफरन्शिअल चाकांबरोबर वरखाली न होता चॅसिसला बोल्टने घट्ट बसवलेले असे आणि त्याच्या डोक्यावर आडवी कमान, म्हणजे पाट्यांची स्प्रिंग, असे. याच मांडणीवर १९६२ ची स्पिटफायर आणि १९६६ ची सहा सिलिंडर जीटी-६ उभी राहिली. सुरुवातीच्या स्पिटफायरला ४.११ आणि जीटी-६ ला ३.२७ गुणोत्तर मिळाले. पेट्या बाहेरून जवळपास सारख्याच दिसतात, म्हणून नुसत्या नजरेने भाग विकत घेऊ नये. ट्रायम्फच्याच टीआर मालिकेत चार सिलिंडरच्या टीआर-४ए ला ३.७ आणि सहा सिलिंडर, इंधन इंजेक्शनच्या टीआर-६ ला ३.४५ होते. तिथे पेटीपेक्षा तिला धरणारे चॅसिसवरचे खुंट थकतात आणि तडे बहुधा पुढच्या उजव्या खुंटापाशी जातात. क्लच सोडताना मागून ‘ठक’ आवाज आला की क्राऊन-पिनियन उघडण्याआधी हे खुंट पाहावेत.

गुणोत्तर इंजिनाने एकट्याने ठरत नाही. डॅटसनच्या त्याच झेड मालिकेतल्या २४०झेडला अमेरिकेत चार गिअरसोबत ३.३६४ आणि ब्रिटनमध्ये पाच गिअरसोबत ३.९ मिळाले; पाचवा गिअर ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे एकापेक्षा कमी गुणोत्तराचा, असल्याने त्याचा ३.९ शी गुणाकार पुन्हा ३.३६४ च्याच आसपास येतो.

मोठ्या इंजिनांना आणखी एक अडचण असते. साधे डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देते, त्यामुळे एक चाक घसरले की दुसरेही लुळे पडते. सांगली-साताऱ्याच्या उसाच्या फडात भरल्या ट्रॉलीसह रुतलेल्या ट्रॅक्टरचा चालक टाचेने डिफरन्शिअल लॉकचा पेडल दाबतो आणि दोन्ही चाके एकत्र फिरवून चिखलातून बाहेर काढतो. अडचण तीच आहे. स्पोर्ट्स कारमध्ये असे पूर्ण कुलूप वळणावर चालत नाही, म्हणून क्लच प्लेटांचे मर्यादित घसरणीचे डिफरन्शिअल वापरतात. जॅग्वार ई-टाइपमध्ये सॅलिसबरीची पॉवर-लॉक ही अशीच पेटी होती. मात्र ई-टाइपच्या मागच्या ब्रेक डिस्क चाकांपाशी नसून डिफरन्शिअलला चिकटून होत्या, त्यामुळे ब्रेकची उष्णता थेट ऑइल सीलला लागते आणि गळलेले तेल डिस्कवर येते.

जुनी गाडी हातात आली की तिच्यात मूळचीच जोडी आहे का, हे पेटी न उघडता तपासता येते. साधे डिफरन्शिअल असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एक मागचे चाक जॅकवर उचलायचे, दुसरे जमिनीवर ओट लावून पक्के ठेवायचे, प्रोपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूची रेघ मारायची आणि उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवायचे. त्या दोन फेऱ्यांत शाफ्टची रेघ जितक्या वेळा फिरते, तेच गुणोत्तर. चौथी फेरी जेमतेम पुरी होण्याआधी थांबली तर ३.९, तिसरीच्या किंचित पुढे गेली तर ३.०७. क्राऊन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेली असतात, म्हणून बदलायची तर जोडीनेच. बसवताना दातांना निळी मार्किंग पेस्ट किंवा तेलात कालवलेला शेंदूर लावून ठसा दाताच्या मध्यावर उमटतो का ते पाहतात आणि शिमच्या चकत्या घालून दातांमधला खेळ मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांत आणतात. ठसा कडेला गेला तर गाडी धावताना मागून ‘हूं’ असा एकसुरी आवाज येतो. हायपॉइड जोडीत, म्हणजे पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेपासून बाजूला सरकवलेल्या जोडीत, दाते एकमेकांवर घसरत चालतात, म्हणून तेल ९० नंबरचे नुसते चालत नाही. त्यात अतिदाब सोसणारी भर, म्हणजे जीएल-५ प्रतीचे तेल, हवे.

गुणोत्तर बदलल्यावर स्पीडोमीटरही बदलावा लागतो, कारण त्याची तार गिअरबॉक्सपासून निघते आणि तिला मागचा बदल कळत नाही. ३.९०९ साठीच्या स्पीडोमीटरसह ३.०७ ची पेटी बसवली, तर गाडी ताशी ८० ने धावत असताना काटा सुमारे ६३ दाखवतो.