सलाईन आधी, बातमी नंतर

कॉलरा जोरात झाला ना की माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं, सकाळी चालता-बोलता असलेला माणूस संध्याकाळी नसतो, आणि उपचार नाही मिळाले तर अशा गंभीर पेशंटपैकी निम्मे दगावू शकतात. वेळेवर मिळाले तर शंभरात एकही नाही. एवढा फरक पाडणाऱ्या गोष्टी कोणत्या, तर मीठ, साखर, पाणी आणि सलाईन. मग अडतं कुठे? अडतं ते ह्या वस्तू वेळेत तिथे असण्यात. म्हणून विषय देणगीचा, म्हणजे मदत संघटनांना पैसे बातमी बघून द्यावेत की आधीपासून, असा असला तरी सुरुवात जुलाबापासून केली, माफ करा.

आता सलाईनचं गणित बघा. पेशंट शॉकमध्ये असेल, म्हणजे पाणी जाऊन रक्तदाब फारच खाली गेला असेल, तर वजनाच्या किलोमागे १०० मिलि रिंगर लॅक्टेट (क्षार असलेलं सलाईन) द्यायचं, मोठ्या माणसाला त्यातलं ३० मिलि पहिल्या अर्ध्या तासात आणि उरलेलं ७० पुढच्या अडीच तासांत. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५ लिटर. असे १०० जण आले की ५०० लिटर, अर्धा टन वजन, आणि हे फक्त पहिल्या तीन तासांचं, जुलाब काय तीन तासांनी थांबत नाहीत. हे सगळं विमानातून, मग ट्रकमधून, पूल वाहून गेला असेल तर बोटीतून न्यायचं. औषध साधंच असतं, वाहतूक जीव काढते. आणि कॉलऱ्याची खाट बघितलीये का कधी? मधोमध भोक, खाली बादली. बादलीत किती साठलं ते नर्स बघते आणि तेवढं परत अंगात भरते. बस, एवढीच ट्रीटमेंट, पण दिवसरात्र कोणीतरी बादलीकडे बघत बसावं लागतं आणि त्या माणसाचा पगार हाही देणगीतूनच जातो (लोकांना हा खर्च उगाच 'ऑफिस खर्च' वाटतो).

१९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा अशी पाकिटं बनवून घेतली आणि ते पाणी नातेवाईकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. ह्यामागची गंमत अशी की कॉलऱ्याचं विष आतड्यातून पाणी बाहेर सोडायला लावतं खरं, पण सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारी वाट बंद करत नाही, आणि ह्या जोडीमागोमाग पाणीपण आत शिरतं.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही संकटाच्या ठिकाणी डॉक्टर आणि औषधं पाठवणारी संघटना सुरू झाली. तिचा ९५ टक्क्यांहून जास्त पैसा सरकारांकडून नाही तर साध्या लोकांकडून आणि खासगी देणग्यांमधून येतो. त्यांचं एक गोदाम फ्रान्समध्ये बोर्डोजवळ आहे, तिथे औषधं-सामानाचे किट आधीच पॅक करून ठेवलेले असतात. आता विचार करा, त्या रॅकवरच्या खोक्याचे पैसे कोणी भरले? टीव्हीवर काहीही दिसत नसताना दर महिन्याला थोडे थोडे देणाऱ्याने. बातमी बघून दिलेला पैसा ह्या खोक्याच्या मागून येतो, तो रिकामा रॅक परत भरायला कामाला येतो.

आणि पैसा 'ह्याच कामाला वापरा' असा बांधून दिला की वेगळीच पंचाईत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर ह्याच संघटनेने आठवड्याभरातच सांगून टाकलं की त्सुनामीसाठी आता पुरे, आणि देणगीदारांना विचारलं की उरलेले दुसरीकडे वापरू का. बहुतेकांनी हो म्हटलं. कारणही वैद्यकीयच होतं, भूकंपात मोडलेले हातपाय आणि चेंगरलेली माणसं खूप येतात, त्सुनामीत माणूस बुडतो नाहीतर वाचतो, जखमी त्या मानाने कमी. पैसे नको म्हणायला हिंमत लागते, माझ्या मते तरी.

वस्तू पाठवणं तर त्याहून वाईट. १९९२ ते १९९६ मध्ये बोस्नियात आलेल्या औषधांपैकी अंदाजे १७,००० टन बिनकामाची निघाली, एक्स्पायर झालेली, नाहीतर कोणी मागितलीच नव्हती अशी, आणि ती नष्ट करायचा खर्च पुन्हा वेगळा.

रॅक रिकामा झाला की काय होतं ते ऑक्टोबर २०२२ मध्ये दिसलं. कॉलरा एकाच वेळी बऱ्याच देशांत पसरला, तोंडावाटे द्यायच्या लसीचा जागतिक साठा पुरेना, तेव्हा साथीच्या ठिकाणी दोनऐवजी एकच डोस द्यायचं ठरलं. एका डोसने संरक्षण मिळतं पण ते टिकतं कमी, हे माहीत असूनच ठरलं, कारण पैसे टाकले म्हणून दुसऱ्या दिवशी लसीची बॅच निघत नाही, बनवण्यात आणि तपासण्यात महिने जातात.