पणजोबा महायुद्धात गेले, पण स्मारकावर नाव नाही? अर्ज कसा करायचा

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश इंडियन आर्मीत असलेले २५ लाखांच्या आसपास जवान स्वतःहून भरती झालेले होते (त्यातले बरेच पोटासाठी, हेही खरं). जे परतले नाहीत, त्यांच्या नावांची जबाबदारी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे (युद्धात गेलेल्यांच्या कबरी नि स्मारकं सांभाळणारी संस्था) आहे. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांना समान वागणूक मिळाली नाही, हे कमिशनने २०२१ च्या अहवालात स्वतःच कबूल केलं. इराकमधल्या बसरा स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, शिपायांचा मात्र नुसता आकडा.

अर्जाआधी कमिशनच्या वेबसाइटवर नीट शोधा. बऱ्याचदा नाव असतं, आपल्यालाच सापडत नाही. आडनावाने शोधून थांबू नका. पहिलं नाव, रेजिमेंट, गाव असं सगळं टाकून बघा. जिल्हा तेव्हाचा घाला: रायगड नव्हे, कुलाबा, सिंधुदुर्ग नव्हे, रत्नागिरी. मराठाचं स्पेलिंगही तेव्हा 'महरट्टा' (Mahratta) असं होतं. आणि कबर शोधत बसू नका. दहन झालेल्यांची नावं स्मारकावर किंवा नोंदवहीत असतात. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले माणगावकडचे यशवंत घाडगे इटलीत कॅसिनो स्मारकावर आहेत.

खरंच नाव नसेल, तर तारीख बघा. मृत्यू ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ किंवा ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातलाच हवा. नोकरीत असताना गेले असतील तर कारण कोणतंही चालतं, अगदी छावणीतला मलेरियासुद्धा. डिस्चार्ज घेऊन घरी आल्यावर गेले असतील, तर त्या जखमेचा किंवा आजाराचा नोकरीशी संबंध दाखवावा लागतो. व्यापारी जहाजांवरच्या खलाशांना अट कडक आहे: मृत्यू युद्धाच्या कारवाईतच झालेला हवा. कोकण-गोव्यातल्या घरांनी हे आधी तपासावं.

कागद मुख्यतः दोन: नोकरीचा पुरावा आणि मृत्यूचा. ट्रंकेच्या तळाशी डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचा कागद असेल तर निम्मं काम झालं. त्यावरचा सर्व्हिस नंबर सोन्यासारखा. नसेल तर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे. मृत्यूसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ ची नक्कल काढा. ती मोडी लिपीत असली तर वाचणारा गाठावा लागेल. डिस्चार्जनंतरच्या मृत्यूसाठी तिसरा कागद लागतो, कारणाचा. पणजीला फॅमिली पेन्शन मिळत होती तर मंजुरीच्या आदेशात ते लिहिलेलं असू शकतं.

सगळ्याचे स्कॅन इंग्रजी भाषांतरासह कमिशनला पाठवा, मूळ कागद घरीच ठेवा. फी नाही, तेव्हा एजंटच्या नादी लागू नका. यातून पैसाही मिळत नाही. पेन्शनचं काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, ते वेगळं.

छाननीला वेळ लागतो. तेवढ्यात नावाचं इंग्रजी स्पेलिंग भावकीत बसून एकदाचं ठरवून टाका. दोन चुलत्यांनी दोन कळवली तर पुन्हा पत्रापत्री आलीच.