तारजाळीचे कुंपण

जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारा नागमोडी वळवून एकमेकींत गुंफल्या की शंकरपाळ्याच्या आकाराची भोके असलेली जाळी तयार होते. ही जाळी खांबांवर ताणून केलेले कुंपण म्हणजे तारजाळीचे कुंपण. पुणे परिसरात त्याला ‘चेनलिंक’, ‘जाळी कंपाउंड’ किंवा नुसते ‘तार कंपाउंड’ म्हणतात. काटेरी तारेच्या कुंपणालाही तार कंपाउंडच म्हणण्याची पद्धत असल्यामुळे भाव विचारताना आधी जाळी की काटेरी हे स्पष्ट करून घ्यावे लागते; नाहीतर दोन ठेकेदारांच्या दरांची तुलनाच होत नाही.

मावळात आणि पुरंदरात शेताला पूर्वी बाभळीच्या काट्यांची वई, निवडुंग, घायपात किंवा दगड रचून केलेला गडगा असे. काट्यांची वई दर उन्हाळ्यात नव्याने घालावी लागे. यंत्रावर तारेची जाळी विणण्याची सुरुवात इंग्लंडमधील नॉर्विच या कापड विणण्याच्या जुन्या गावात झाली. तेथे १८४४ मध्ये चार्ल्स बर्नार्ड याने कापडाच्या मागावरून कल्पना घेऊन तारेची जाळी विणणारे यंत्र तयार केले. आज हे यंत्र लहानशा शेडमध्येही मावते. फिरणाऱ्या चपट्या पात्याभोवती तार गुंडाळली जाऊन तिची नागमोड बनते आणि ती मळसूत्रासारखी फिरत आधीच्या तारेत अडकत जाते. संपूर्ण जाळीत कोठेही गाठ किंवा वेल्डिंग नसते. एक तार फिरवून बाहेर काढली की जाळी दोन तुकड्यांत सुटते आणि तीच तार परत फिरवून घातली की जोड दिसतही नाही.

जाळीची निवड

बाजारात जाळी तीन गोष्टींवर ओळखली जाते: तारेची जाडी (गेज), भोकाचा आकार आणि जस्ताचा मुलामा. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, आणि नवख्या माणसाचा गोंधळ येथूनच सुरू होतो. ८ गेजची तार ४.०६ मिमी, १० गेजची ३.२५ मिमी, १२ गेजची २.६४ मिमी आणि १४ गेजची २.०३ मिमी जाडीची असते. बंगल्याला किंवा फार्महाउसला २ इंची भोकाची १० किंवा १२ गेजची जाळी योग्य. १४ गेज कोंबड्यांच्या खुराड्याला ठीक. हद्दीवर लावली तर जनावराने अंग घासले तरी तिला पोट सुटते. कारखाने आणि गोदामे ८ किंवा १० गेज घेतात.

तारेची जाडी डोळ्यांना फसवते, वजन फसवत नाही. ५ फूट उंच आणि ५० फूट लांब, २ इंची भोकाचा बंडल १० गेजचा असेल तर हिशेबाने सुमारे ६० किलो भरतो, १२ गेजचा ४० आणि १४ गेजचा २४. वळणांमुळे किलो-दोन किलो वर जातात इतकेच. चौरस फुटाच्या दराने जाळी घेणाऱ्याने एक बंडल काट्यावर घालून पाहिला तरी पुरे. याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते: ३ इंची भोकाच्या १० गेज जाळीचे वजन २ इंची भोकाच्या १२ गेज जाळीइतकेच, म्हणजे ४० किलोच येते. दर सारखे वाटले म्हणून माल सारखा ठरत नाही. पहिलीतून मांजर सहज जाते आणि पाय ठेवून वर चढायला भोकही ऐसपैस असते, पण तार मजबूत असते. दुसरीचे नेमके उलट. भुरट्यांपेक्षा भटकी कुत्री हा त्रास असेल तर २ इंची घ्यावी.

मुलाम्याबद्दल दुकानदार ‘जीआय’ (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड) एवढेच सांगतो, आणि ते पुरेसे नाही. हलक्या मुलाम्यात दर चौरस मीटर पृष्ठभागावर ५०-६० ग्रॅम जस्त असते, तर जड मुलाम्यात २०० ग्रॅमच्या पुढे. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते, त्यामुळे जस्ताची जाडी म्हणजेच जाळीचे आयुष्य. पुणे शहरात वर्षाला सरासरी ७०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. मुळशी आणि लोणावळ्याकडे तो त्याच्या कितीतरी पट असतो आणि चार महिने जाळी कोरडी होत नाही. कोथरूडच्या बंगल्यावर निभावलेली हलक्या मुलाम्याची जाळी घाटमाथ्यावर लवकर तांबारते. जाळीसाठी भारतीय मानक आयएस २७२१ आहे आणि तारेच्या मुलाम्यासाठी आयएस ४८२६. बिलावर हे आकडे लिहून मागितले की विक्रेत्याचा सूर बदलतो, असा अनेकांचा अनुभव.

हिरव्या पीव्हीसी आवरणाची जाळी टेनिस कोर्ट, बागा आणि शाळांच्या मैदानांना शोभते. तिच्या बाबतीत बाहेरची जाडी सांगून विकण्याची खोड आहे. वरून १० गेज वाटणाऱ्या तारेच्या पोटात १२ किंवा १४ गेजची तार निघते. कापलेल्या टोकाशी आवरण सोलून आतली तार मोजावी.

जाळीच्या कडांनाही दोन प्रकार आहेत. टोके वाकवून बंद केलेली कडा मुलांच्या खेळण्याच्या जागी लावतात. पीळ देऊन टोके उघडी ठेवलेली कडा वर आली तर चढणाऱ्याच्या हाताला टोचते. ठेकेदार बंडल उलटा उभा करतो आणि टोचरी कडा जमिनीत जाते, हेही पाहायला मिळते.

हद्द आणि नियम

जाळी आणण्याआधी मोजणी. पुण्याभोवतालच्या गुंठ्यांच्या व्यवहारांत सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि जागेवरची वहिवाट जुळेलच असे नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून, खुणांचे दगड रोवून मगच खड्डे घ्यावेत. शेजाऱ्याला त्या दिवशी समोर उभे केलेले बरे. पुढचा वाद टळतो, निदान त्याचा आवाज कमी होतो. बांधावरून जाणारी जुनी वाट कुंपणाने बंद करता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात, आणि वहिवाटीच्या वाटेतला अडथळा मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली काढून टाकता येतो.

शहरी भागात डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे आवारभिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून १.५ मीटर उंच करता येते, वरचा ०.९ मीटर भाग आरपार दिसणारा असेल तर २.४ मीटरपर्यंत. म्हणून सोसायट्यांत खाली वीट किंवा दगडाची भिंत आणि वर जाळी ही जोडी दिसते. रोहित्राभोवतीचे (ट्रान्सफॉर्मरभोवतीचे) कुंपण किमान १.८ मीटर उंच असावे लागते आणि त्याचे अर्थिंग करावे लागते. कारखान्याच्या आवारात हे काम वीज ठेकेदारावर सोपवावे.

पक्क्या भिंतीऐवजी जाळी का, याची आठवण पुणेकरांना २०१९ ने दिली. २९ जूनच्या पहाटे कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा बळी गेला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात काठच्या भिंती ढासळल्या. जाळी मातीचा भराव पेलू शकत नाही, त्यासाठी अभियंत्याने आखलेली भिंतच हवी. पण उतारावरून येणारे पावसाचे पाणी तिच्यातून निघून जाते. पालापाचोळा आणि प्लास्टिक अडकून भोके बुजली की मात्र हा फायदा उरत नाही, तेव्हा मृगाआधी तळाची साफसफाई हवी.

लांबीचा हिशेब

कुंपणाचा खर्च क्षेत्रफळावर नाही, परिघावर ठरतो. १० गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. जागा चौरस असेल तर परिघ सुमारे ४१७ फूट. तीच ३३ फूट रुंद आणि ३३० फूट लांब पट्टी असेल तर ७२६ फूट. दर ८ फुटांवर खांब धरला तर पहिलीला ५२ आणि दुसरीला ९१ खांब लागतात. वाटण्या होत होत हवेली आणि मुळशीत जमिनींच्या अशा पट्ट्याच उरल्या आहेत. तेथे शेजारी-शेजारी मिळून सामाईक बांधावर एकच कुंपण घालणे परवडते. जमले तर.

खांब आणि उभारणी

जाळी ताणावर उभी असते आणि तो ताण कोपऱ्याचे खांब पेलतात. मधले खांब तिला फक्त सरळ धरतात. म्हणून कोपऱ्याला, फाटकाला आणि दर सुमारे शंभर फुटांवर जाड खांब आणि त्याला तिरके टेकू लागतात. पैसे वाचवायला नेमके हे टेकूच गाळले जातात आणि दुसऱ्या पावसाळ्यात कोपरा आत झुकतो.

खांबासाठी ४० × ४० × ५ मिमीचा लोखंडी अँगल (मीटरला सुमारे ३ किलो) सर्रास चालतो; उंच कुंपणाला आणि कोपऱ्यांना ५० × ५० × ६ मिमीचा (साडेचार किलो). शेतावर सिमेंटचे खांब स्वस्त पडतात, गंजत नाहीत, पण ट्रॅक्टरचा धक्का लागला की मोडतात. भवानी पेठेतल्या लोखंड बाजारात अँगल किलोवर मिळतो. टर्नबकल (तार ताणायचा पिळाचा आकडा), बोल्ट, बांधायची तार असे किरकोळ सामान रविवार पेठेतल्या बोहरी आळीत.

सहा फुटी जाळीला आठ फुटांचा खांब घेऊन दोन फूट काँक्रिटमध्ये गाडतात. खड्डा किती आणि कसा, हे माती सांगते. हडपसर, मांजरीकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हलवते. तेथे खालचा मुरूम लागेपर्यंत खणावे. सिंहगड पायथ्याला वीतभर खाली कातळ लागतो. मग ब्रेकरने भोक पाडून खांब सिमेंटच्या घोळाने पक्का करतात. काँक्रिटचा माथा जमिनीच्या जरा वर आणि उतार देऊन करावा, कारण अँगल गंजतो तो नेहमी जमिनीच्या रेषेशी, पाणी साचते तेथेच.

काँक्रिटला किमान आठवडाभर पाणी मारून मगच जाळी ताणावी. दुसऱ्याच दिवशी ताणायची घाई करणाऱ्या ठेकेदाराला थांबवणे मालकाच्या हातात असते. आधी वर, मध्ये आणि खाली अशा तीन आडव्या तारा टर्नबकलने ताणतात, त्यांवर जाळी सोडून साखळी-पुलीने ओढतात आणि जागोजाग तारेने बांधतात. जाळी अँगलला वेल्डिंगने चिकटवण्याची पद्धत फार बोकाळली आहे. वेल्डिंगने जस्त जळते आणि गंज त्याच ठिपक्यापासून पसरतो. अँगलला भोके पाडून बांधावी, वेळ थोडा जास्त लागतो.

डुक्कर आणि कुत्री खालून येतात. त्यासाठी तळाची तार काँक्रिटच्या पट्टीत पकडावी किंवा आतून दगडांची ओळ लावावी. जुन्नरकडे बिबट्याच्या भीतीने जाळी लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की सहा फूट त्याला काहीच नाही. शेळ्यांचा गोठाच वरूनही जाळीने बंद करणे हाच उपाय. कुंपणात घरची वीज सोडणे गुन्हा आहे आणि जीवघेणेही. सौरकुंपण वेगळे, त्यात क्षणभराचे झटके असतात. चाकण, रांजणगावचे कारखाने जाळीच्या वर वाय आकाराचे अँगल लावून काटेरी तारेच्या रांगा किंवा काटेरी वेटोळी बसवतात. तेवढ्यानेही पक्कड घेऊन आलेला माणूस अडत नाही, त्याला उशीर होतो इतकेच.

बंगलेवाले आडोशासाठी जाळीवर हिरवे नेट बांधतात. नेटने जाळीचे शीड होते आणि मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात खांबांच्या रांगा आडव्या पडतात. आडोसा हवाच असेल तर खांब सहा-सहा फुटांवर घ्यावेत, किंवा मधुमालती, कृष्णकमळ चढवावी. वेल दाट झाला की त्याचीही छाटणी ठेवावी. फाटलेल्या जागी ठिगळ लावायची गरज नसते. मोडलेली तार वरची आणि खालची टोके सोडवून मळसूत्रासारखी फिरवत काढायची आणि त्याच मापाची नवी तार त्याच वाटेने आत फिरवायची. दोन माणसांना अर्ध्या तासाचे काम.